टाळू, टेप आणि झाडावरचं माकड

घरात नवं बाळ आलं की आजी त्याच्या टाळूवर तेल जिरवते. तिथं कधी अगदी अलगद बोट ठेवलंय? आत धडधड जाणवते. तिथली हाडं अजून एकमेकांना जुळलेली नसतात, आणि ते बरंच असतं! मेंदू आतून भराभर वाढत असतो आणि कवटी त्याच्या मापानं मोठी होत जाते. म्हणून तर दवाखान्यात बाळाच्या डोक्याभोवती टेप गुंडाळतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं माप साधारण ३४-३५ सेंटिमीटर भरतं.

२०१५ साली ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात डॉ. वेनेसा वान डेर लिंडेन यांच्याकडे एकामागून एक अशी बाळं येऊ लागली, की ज्यांच्या डोक्याचं माप फारच कमी होतं. एरवी असं बाळ क्वचित दिसायचं. त्यांनी आयांना खोदून खोदून विचारलं. कितीतरी जणी म्हणाल्या, पोटात बाळ असताना अंगावर पुरळ उठलं होतं.

आता ६८ वर्षं मागे जाऊ या. १९४७, आफ्रिकेतला युगांडा. झिका नावाच्या जंगलात शास्त्रज्ञांनी उंच झाडावर पिंजरा ठेवला होता आणि त्यात लाल तोंडाचं एक माकड. त्याला नाव नव्हतं, नंबर होता, ७६६. डासांनी त्याला चावावं आणि पीतज्वराचा विषाणू सापडावा, असा बेत होता. माकडाला ताप आला खरा, पण रक्तात निघाला भलताच, कुणी न पाहिलेला विषाणू. त्याला जंगलाचंच नाव मिळालं. पुढच्या वर्षी तो तिथल्या डासांतही सापडला. मग कित्येक वर्षं कुणी त्याचं फारसं मनावर घेतलं नाही. थोडा ताप, थोडं पुरळ, आठवड्यात माणूस ठणठणीत. पाचांतल्या चौघांना तर काहीच जाणवत नाही!

रेसिफेच्या बाळांमागे हाच विषाणू असेल? ब्राझीलमध्येच डॉ. आद्रियाना मेलो यांनी दोन गरोदर बायकांच्या गर्भजलाची तपासणी करून घेतली. त्यात झिका होता. आई आणि बाळ यांच्यामध्ये वार असते. आईकडून अन्न आणि प्राणवायू ती आत सोडते आणि पुष्कळशा रोगजंतूंना बाहेरच अडवते. झिका तिलाही ओलांडून गेला होता.

पण आत जाऊन तो करतो काय? रिओमधल्या शास्त्रज्ञांनी हे ज्या रीतीनं शोधलं ती मला फार आवडते. मेंदू सुरुवातीला थोड्याशा मूळपेशींचा असतो. एकीच्या दोन, दोनाच्या चार होत त्यातूनच पुढे मेंदूच्या सगळ्या पेशी तयार होतात. शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत अशा पेशींचे इवलेसे गोळे वाढवले आणि त्यात झिका सोडला. ११ दिवसांत ते निरोगी गोळ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी वाढले. डेंग्यूचा विषाणू घातलेले गोळे मात्र नीट वाढत राहिले. झिका नेमका मूळपेशींत शिरतो, आपल्या नकला काढतो आणि त्या पेशी मरून जातात. मेंदूच वाढला नाही, तर कवटी कशी वाढणार?

झिका पसरवणारा एडिस डास आपल्याही ओळखीचा आहे. पायांवर पांढरे पट्टे, चावणार दिवसा. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, बादलीच्या आतल्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून पाणी नुसतं ओतून भागत नाही, बादली घासावी लागते. २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, आणि २०२४ मध्ये पुणे शहरात आणखी रुग्ण निघाले. त्यात गरोदर बायकाही होत्या.

आणि रेसिफेची ती बाळं? ती आता जवळपास तुमच्याच वयाची झाली आहेत. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना बसायला आधार लागतो, घास गिळणंही अवघड जातं. त्यांच्या आया त्यांना कडेवर घेऊन अजून दवाखान्यात जातात, आणि डॉक्टर अजून त्यांच्याकडून शिकत आहेत.