अवकाशातील विणकर

पहाटेच्या वेळी कुंपणावर दवबिंदूंनी लगडलेले कोळ्याचे जाळे पाहिले नाही, असा मनुष्य विरळाच. मध्यापासून निघालेले सरळ धागे आणि त्यांवरून गोल गोल फिरत गेलेला चिकट धागा, अशी त्याची रचना असते. हे जाळे विणणाऱ्या चिमुकल्या विणकराजवळ ना मोजपट्टी असते, ना ओळंबा. मग धागा किती जाड काढावा आणि वरची बाजू कोणती, हे त्याला कसे कळते? धाग्यावरून वर चढताना व खाली लोंबकळताना त्याला स्वतःच्या शरीराचा भार जाणवतो आणि त्या जाणिवेचा त्याला उपयोग होतो, असे अभ्यासकांचे मत आहे. मग तो भारच नाहीसा झाला, तर कोळी जाळे विणू शकेल काय?

या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर बसून मिळणे शक्य नव्हते. केवळ उंच गेल्याने वजन नाहीसे होते, ही समजूतही खरी नव्हे. सुमारे ४३५ किलोमीटर उंचीवरदेखील पृथ्वीचे आकर्षण जमिनीवरील आकर्षणाच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. तथापि त्या उंचीवरून पृथ्वीभोवती फिरणारी अंतराळ-प्रयोगशाळा वस्तुतः सतत पडतच असते. तिच्या आडव्या वेगामुळे ती पृथ्वीवर न आदळता तिला प्रदक्षिणा घालीत राहते, एवढेच. प्रयोगशाळा, तीतील माणसे आणि वस्तू ही सर्व एकाच वेळी पडत असल्यामुळे कोणाचाही भार कोणावर पडत नाही. या स्थितीस ‘सूक्ष्मगुरुत्व’ असे म्हणतात.

‘स्कायलॅब’ ही अशीच एक प्रयोगशाळा अमेरिकेने १४ मे १९७३ रोजी अवकाशात सोडली. तत्पूर्वी ‘नासा’ या अंतराळसंस्थेने तेथील विज्ञान-शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या साहाय्याने शाळकरी विद्यार्थ्यांना आवाहन केले होते : या प्रयोगशाळेत करण्याजोगा प्रयोग सुचवा. तेव्हा ३,४०९ प्रस्ताव आले. त्यांतून १९७२ साली २५ प्रस्ताव निवडण्यात आले. कोळ्याच्या जाळ्याविषयीचा प्रस्ताव त्यांपैकीच एक होता. मॅसॅच्युसेट्स राज्यातील लेक्सिंग्टन या गावी शिकणाऱ्या ज्यूडिथ माइल्स या विद्यार्थिनीने तो लिहिला होता.

प्रस्ताव म्हणजे नुसती इच्छा नव्हे. ‘अवकाशात फुलपाखरू सोडून गंमत पाहावी’ असे म्हटल्याने प्रस्ताव होत नाही. प्रश्न कोणता, तो अवकाशातच का सोडवावयाचा, काय मोजावयाचे आणि ते कशाशी ताडून पाहावयाचे, या चार गोष्टी त्यात स्पष्ट असाव्या लागतात. ज्यूडिथचा प्रश्न लहान व नेमका होता. भाराची जाणीव नसताना कोळी कसे वागेल, हे भारहीन जागीच पाहता येणार होते. जाळे हे तर जणू कोळ्याने स्वतः लिहून ठेवलेले टिपण. त्याच्या छायाचित्रावरून धाग्यांमधील अंतरे व कोन मोजता येतात. पीटर विट या शास्त्रज्ञाने पूर्वीच कोळ्यांना निरनिराळी औषधे देऊन त्यांच्या जाळ्यांत पडणारा फरक मोजला होता. या प्रयोगातही त्याचे साहाय्य झाले. शिवाय त्याच कोळ्यांनी उड्डाणापूर्वी पृथ्वीवर विणलेली जाळी तुलनेसाठी हाताशी होती.

२८ जुलै १९७३ रोजी तीन अंतराळवीरांसमवेत ॲराबेला आणि अनिता या कोळ्याच्या दोन माद्या स्कायलॅबकडे निघाल्या. तेथे ओवेन गॅरियट या अंतराळवीराने ५ ऑगस्ट रोजी ॲराबेलाला काचेच्या खिडकीसारख्या चपट्या पेटीत सोडले. प्रथम ती पाण्यात पोहावे तसे पाय हलवीत गोंधळून गेली. तिने कोपऱ्यात विणलेले पहिले जाळे ओबडधोबड होते. परंतु अल्पावधीतच तिने पृथ्वीवरच्यासारखे पूर्ण जाळे विणून दाखविले. जाळे विणण्यास भाराची जाणीव अपरिहार्य नाही, असे त्यावरून दिसून आले. मात्र अवकाशातील धागा पृथ्वीवरील धाग्यापेक्षा बारीक भरला आणि त्याची जाडी जागोजागी कमीअधिक होती.

या यशास एक दुःखाची किनार आहे. दोन्ही कोळी या प्रवासात मरण पावले आणि त्यांच्या शरीरांतील पाणी आटल्याची लक्षणे आढळली. सजीव प्राण्याला प्रयोगासाठी न्यावयाचे असेल, तर त्याच्या अन्नपाण्याचा व सुरक्षिततेचा विचारही प्रश्नाइतक्याच काळजीने करावा लागतो. केवळ दोन कोळ्यांवरून सर्व कोळ्यांविषयी निर्णय देता येत नाही, हेही खरे.

म्हणूनच हा प्रश्न पुढे पुन्हा विचारला गेला. २०११ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात दुसऱ्या जातीच्या कोळ्यांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट उजेडात आली. पृथ्वीवरील जाळ्याचा मध्य साधारणतः वरच्या बाजूस असतो. अवकाशात दिवे विझलेले असताना विणलेली जाळी बरीचशी सारख्या बाजूंची होती. परंतु दिवे लागलेले असताना विणलेली जाळी पृथ्वीवरच्यासारखीच एका बाजूस कललेली होती. भाराचा आधार सुटताच कोळ्याने प्रकाशाचा आधार घेतला होता! पेटीतील दिवा या गोष्टीत काही भाग घेईल, अशी कल्पना प्रयोग आखताना कोणी केली नव्हती.

यावरून प्रस्ताव लिहिणाऱ्याने एक पाचवी गोष्टही शिकावी. ज्या एका कारणाचा शोध घ्यावयाचा, त्याखेरीज आणखी काय काय बदलते आहे, याची यादी त्याने आरंभीच करावी. उजेड, उष्णता, हवा, जागा यांपैकी काहीही क्षुल्लक मानू नये. आपला तर्क चुकेल, या भीतीने प्रश्न मात्र मागे घेऊ नये. चुकलेला तर्कही नीट मोजला गेला, तर तो ज्ञानात भर घालतो. आणि असे प्रश्न शोधण्यास दूर जावे लागत नाही. ज्यूडिथचा प्रश्न अवकाशात गेला खरा. पण तो ज्याच्याविषयी होता, तो विणकर घराघराच्या कोपऱ्यात आजही आपले काम करीतच आहे.