इलेक्ट्रॉनीय नृत्यसंगीत

इलेक्ट्रॉनीय नृत्यसंगीत : ठेका-यंत्रे, सिंथेसायझर (विद्युतीय रीतीने स्वर निर्माण करणारे वाद्य), संगणक इ. साधनांनी निर्माण केलेले आणि मुख्यत्वे समूहनृत्यासाठी योजलेले संगीत. हे संगीत ध्वनिमुद्रित स्वरूपात उपलब्ध असते. तथापि सुटे ध्वनिमुद्रण म्हणजे त्याचे पूर्ण रूप नव्हे. ‘डिस्क जॉकी’ (संक्षेपाने डीजे) अनेक मुद्रणे एकमेकांत मिसळून, मध्ये कोठेही खंड पडू न देता, काही तासांचा सलग प्रवाह तयार करतो आणि समोरच्या नर्तकांच्या प्रतिसादानुसार त्यास वळण देतो. त्यामुळे या संगीताचे एकक गीत नसून संपूर्ण रात्र होय, असे म्हणता येईल. रात्रभर एकत्र जमावयाचे, तर जागा लागते. ती जागा कोणाची, तेथे कोणास प्रवेश असावा, आवाज किती असावा आणि जमलेल्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणावर, हे प्रश्न या संगीताच्या इतिहासाशी त्याच्या स्वरतालाइतकेच निगडित आहेत. मराठी बोलण्यात ‘डीजे’ हा शब्द पुष्कळदा मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीला उद्देशून वापरतात. प्रस्तुत नोंदीत तो मूळच्या व्यक्तिवाचक अर्थाने योजला आहे.

उगम : १४ फेब्रुवारी १९७० रोजी डेव्हिड मॅन्क्युसो (१९४४–२०१६) याने न्यूयॉर्कमधील आपल्या राहत्या जागेत निमंत्रितांसाठी नृत्याची बैठक भरविली. पुढे ‘द लॉफ्ट’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या या बैठकींत मद्यविक्री नसे, ध्वनियंत्रणा उत्कृष्ट असे आणि इतरत्र अवहेलना वाट्याला येणारे कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी व समलिंगी लोक तेथे निर्धास्तपणे नाचत. याच परंपरेत न्यूयॉर्कमध्ये लॅरी लेव्हन (१९५४–९२) याचे ‘पॅरडाइस गराज’ आणि शिकागोमध्ये फ्रँकी नकल्स (१९५५–२०१४) याचे ‘वेअरहाउस’ ही नृत्यगृहे नावारूपास आली.

त्या काळी डिस्को संगीत लोकप्रियतेच्या शिखरावर होते. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, डिस्कोच्या ध्वनिमुद्रिका स्फोटाने उडविण्यात आल्या. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द झाला. या रोषामागे वर्णद्वेष आणि समलिंगी व्यक्तींविषयीचा तिरस्कार होता, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांनी त्यानंतर डिस्कोकडे पाठ फिरविली. नृत्यगृहांतील लोकांनी मात्र नृत्य सोडले नाही. नकल्स जुन्या मुद्रिकांच्या ध्वनिफिती कापून व जोडून त्यांतील तालाचे भाग लांबवीत असे. पुढे त्यांस ठेका-यंत्राची जोड मिळाली. ‘वेअरहाउस’ या नावावरूनच या संगीतास ‘हाउस’ म्हणू लागले. शिकागो शहराने २०२३ मध्ये ती इमारत संरक्षित वास्तू म्हणून घोषित केली.

डेट्रॉइटमध्ये ह्वान ॲट्किन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय तरुणांनी जर्मनीतील ‘क्राफ्टव्हेर्क’ या वादकसंघाच्या यांत्रिक स्वरशैलीची आणि अमेरिकी फंक संगीताची सांगड घालून ‘टेक्नो’ हा प्रकार घडविला. १९८८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या एका संकलनामुळे हे नाव रूढ झाले.

साधने व तंत्र : या संगीताची बरीचशी साधने मूळच्या हेतूने अपयशी ठरलेली होती. जपानच्या रोलँड कंपनीचे ‘टीआर-८०८’ (१९८०) हे ठेका-यंत्र खऱ्या ढोलासारखे वाजत नाही म्हणून, तर ‘टीबी-३०३’ हे गिटारवादकांच्या सरावासाठी केलेले खर्जयंत्र वापरण्यास किचकट म्हणून मागे पडले. दोन्ही यंत्रे जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली आणि बेताच्या मिळकतीच्या तरुणांच्या हाती आली. ‘३०३’ ची बटणे वाजवता वाजवता फिरविली असता उमटणारा चिरकता, वळवळता ध्वनी ‘फ्यूचर’ या शिकागोच्या वादकगटाने ‘ॲसिड ट्रॅक्स’ (१९८७) या मुद्रिकेत प्रथम ठळकपणे वापरला. त्यावरून ‘ॲसिड हाउस’ हा उपप्रकार निघाला.

हाउस व टेक्नोचा पाया म्हणजे चार मात्रांचे आवर्तन आणि प्रत्येक मात्रेवर पडणारा खर्जातील ठोका. लय मिनिटाला किती ठोके, या मापाने सांगतात. हाउसमध्ये ते साधारणपणे १२० ते १३०, टेक्नोमध्ये १२० ते १५०, तर ‘ड्रम अँड बेस’ मध्ये १६० ते १८० असतात. ठोक्याची कंप्रता बहुधा ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असल्यामुळे तो कानाला ऐकू येतो, तसाच छातीलाही जाणवतो.

मिश्रणासाठी दोन चकत्या (टर्नटेबल) आणि त्यांचे ध्वनी कमीअधिक करणारा मिश्रक लागतो. १९७२ मध्ये आलेल्या ‘टेक्निक्स एसएल-१२००’ या जपानी यंत्रात चकती पट्ट्याने न फिरविता थेट चलित्राने फिरविली जाई. १९७९ च्या सुधारित आवृत्तीत सरकत्या पट्टीने वेग ८ टक्क्यांपर्यंत वाढविण्याची वा घटविण्याची सोय झाली. समजा, १२६ ठोक्यांची मुद्रिका चालू आहे आणि पुढची १२० ठोक्यांची आहे. डीजे दुसरीचा वेग ५ टक्के वाढवितो, ती प्रथम स्वतःच्या कानावरील श्रवणयंत्रात ऐकून ठोके जुळवितो, आवर्तनांचा एखादा गट पूर्ण होताच ती हळूहळू पुढे आणतो आणि पहिलीचा खर्ज काढून घेऊन दुसरीचा मोकळा करतो. नाचणाऱ्याला सांधा जाणवत नाही. आता ठोके जुळविण्याचे काम संगणकही करतो; परंतु कोणते मुद्रण कोणत्या क्षणी, हा निर्णय डीजेचाच असतो.

ब्रिटन आणि कायदा : शिकागो-डेट्रॉइटचे हे संगीत इबिझा बेटामार्गे आणि मँचेस्टरच्या ‘हासिएंडा’ सारख्या नृत्यगृहांतून ब्रिटनमध्ये पसरले. १९८८ पासून गोदामांत व मोकळ्या रानात ‘रेव्ह’ नावाचे रात्रमेळावे भरू लागले. मे १९९२ मध्ये वूस्टरशरमधील कासलमॉर्टन येथे सु. २० ते ४० हजार लोक विनापरवाना जमले आणि मेळावा जवळजवळ आठवडाभर चालला. ग्रामस्थांना झोप मिळेना; मेळाव्यातील लोकांना मात्र तिकीट व मालक नसलेली ती जागा मुक्तीची वाटत होती. परिणामी १९९४ च्या फौजदारी न्याय कायद्याने उघड्यावरील अशा रात्रमेळाव्यांवर निर्बंध आले. १०० किंवा अधिक लोकांच्या जमावास लागू असलेली ही मर्यादा २००३ मध्ये २० वर आणली गेली. कायद्यात संगीताची व्याख्या करताना पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचा स्पष्ट उल्लेख होता. त्याच्या निषेधार्थ ‘ऑटेकर’ या वादकद्वयाने कोणतीही दोन आवर्तने सारखी नसलेली रचना प्रसिद्ध केली. मेळावे पुढे परवानाधारक नृत्यगृहांत आले. त्याबरोबर प्रवेशशुल्क आणि व्यापारही आला.

परिसर-संगीत : रात्रभराच्या नृत्यास विश्रांतीची जोड लागते. त्या गरजेतून ‘ॲम्बियंट’ म्हणजे परिसर-संगीताच्या मिश्रणाची कला बहरली. फ्रेंच संगीतकार एरिक साती याने १९१७ मध्ये घरातील सामानासारख्या सहज वावरणाऱ्या संगीताची कल्पना मांडली होती. ब्रायन ईनो याने ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ (१९७८) मध्ये निरनिराळ्या लांबीच्या ध्वनिफितींची वेटोळी एकाच वेळी फिरवून, सतत बदलणारी आणि तरीही स्थिर भासणारी रचना केली. १९८९ मध्ये लंडनच्या ‘हेवन’ या नृत्यगृहातील एका वेगळ्या खोलीत ॲलेक्स पॅटरसन व जिमी कॉटी हे थकलेल्या नर्तकांसाठी ठेक्याविना संगीत मिसळू लागले. अशा खोल्या पुढे सर्वत्र रूढ झाल्या. या मिश्रणात जुळविण्यास ठोका नसतो. डीजे स्वर, ध्वनीचा पोत आणि शांततेची लांबी यांवरून दोन मुद्रणे कित्येक मिनिटे एकमेकांवर तरंगत ठेवतो. तंबोऱ्याच्या अखंड नादाची सवय असलेल्या भारतीय श्रोत्यास त्यातील स्थैर्य परके वाटत नाही; दोन्हींचे प्रयोजन मात्र भिन्न आहे. तंबोरा गायनाला आधार देतो. येथे आधारच प्रमुख होतो.

जर्मनी : बर्लिनची भिंत १९८९ मध्ये पडल्यावर पूर्व भागातील ओस कारखाने व तळघरे यांत नृत्यगृहे निघाली. ‘ट्रेझॉर’ (१९९१) हे जुन्या विभागीय भांडाराच्या तिजोरीघरात होते. विभागलेल्या शहरांतील तरुण नृत्याच्या निमित्ताने प्रथम एकत्र आले. १ जुलै १९८९ रोजी, म्हणजे भिंत पडण्यापूर्वीच, सु. १५० लोकांनी सुरू केलेली ‘लव्ह परेड’ ही मिरवणूक दशकभरात दहा लाखांवर गेली. २४ जुलै २०१० रोजी ती ड्युइसबुर्ख येथे भरली असता, येण्याजाण्यास एकच बोगदा व उतार असल्याने झालेल्या चेंगराचेंगरीत २१ जण मृत्युमुखी पडले. मिरवणूक कायमची बंद झाली. खटला २०२० मध्ये कोणासही दोषी न ठरविता संपला.

त्याच वर्षी जर्मनीच्या सर्वोच्च वित्तीय न्यायालयाने टेक्नो व हाउसच्या कार्यक्रमांना, विशिष्ट अटींवर, मैफलींप्रमाणे सवलतीचा कर लागू होऊ शकतो, असा निर्णय दिला. चकत्या व मिश्रक यांच्या साहाय्याने नवी ध्वनिरचना घडत असेल, तर ती वाद्येच होत, ही त्यामागील भूमिका होती. डीजे कलावंत आहे की केवळ मुद्रिका लावणारा, या जुन्या वादाला अशा रीतीने कराच्या प्रश्नातून उत्तर मिळाले. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीस जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत स्थान मिळाले.

मुंबई आणि गोवा : हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतील वादक चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये मुंबईत भैरव, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस इ. दहा राग ‘टीआर-८०८’ च्या ठेक्यावर आणि ‘टीबी-३०३’ च्या खर्जावर वाजवून एक ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची या खर्जयंत्राची सोय मिंडेला जवळची होती. ही मुद्रिका फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर, ‘ॲसिड ट्रॅक्स’ च्या पाच वर्षे आधी तिच्यात तसाच ध्वनी उमटला असल्याचे पाहून पाश्चात्त्य श्रोते चकित झाले. शिकागोच्या वादकांवर तिचा प्रभाव असल्याचा पुरावा नाही. सारख्या यंत्रांनी दोन दूरच्या शहरांत सारखे नाद घडविले, एवढाच त्याचा अर्थ.

गोव्यातील हणजूण किनाऱ्यावर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पाश्चात्त्य हिप्पी येऊन राहू लागले. त्यांच्या पौर्णिमेच्या मेजवान्यांत आरंभी रॉक संगीत असे. १९८० च्या दशकात तेथे युरोपीय इलेक्ट्रॉनीय संगीत वाजू लागले. मूळचा सॅन फ्रॅन्सिस्कोचा गोवा गिल (१९५१–२०२३) हा त्यातील प्रमुख डीजे होय. उष्म्याने तबकड्या वाकत, म्हणून प्रथम ध्वनिफिती आणि नंतर अंकीय फिती वापरल्या जात. या फितींचा वेग सहज बदलता येत नसल्याने रचनांच्या आरंभी व अखेरीस ठेक्याविना लांब भाग ठेवण्याचा प्रघात पडला आणि तो १९९० च्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ म्हणून ओळखल्या गेलेल्या शैलीचा विशेष बनला. या शैलीचे रचनाकार बहुतांशी यूरोपीय व इझ्राएली होते. गोव्याने तिला नाव, किनारा आणि रात्र दिली, त्याबरोबर गावकऱ्यांना निद्रानाशही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. सण व सांस्कृतिक प्रसंगी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. या नियमामुळे गोव्यात कानाला श्रवणयंत्रे लावून निःशब्द मैदानावर नाचण्याचा प्रकारही निघाला.

महोत्सव : बेल्जियममधील बोम येथील ‘टुमॉरोलँड’ (२००५ पासून) हा अशा महोत्सवांचा मोठा नमुना. भारतात ‘सनबर्न’ हा महोत्सव २००७ मध्ये गोव्यातील कांदोळी येथे सुरू झाला आणि २०१६ मध्ये पुण्यात भरला. महोत्सवात एकाच दिवशी अनेक रंगमंचांवर अनेक डीजे येतात. प्रत्येकास बहुधा तास-दीड तासच मिळतो आणि मोठ्या रंगमंचावर प्रकाश व आतषबाजी यांच्याशी संगीत आधीच जुळवून ठेवलेले असते. नर्तकांकडे पाहून वळण घेण्यास त्यात वाव कमी राहतो; समूहात सहभागी होणाऱ्यापेक्षा प्रेक्षक वाढतात. उलट लहान नृत्यगृहांतून आजही एकच डीजे रात्रभर वाजविताना आढळतो.

आरोग्य व सुरक्षितता : ८५ डेसिबेल आवाजात ८ तास राहणे ही अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेने शिफारस केलेली मर्यादा होय, दर ३ डेसिबेल वाढीस ही मुदत निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबेलला ती सु. १५ मिनिटे उरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मनोरंजनस्थळांसाठी सरासरी १०० डेसिबेलची कमाल मर्यादा, शांत विश्रांतिस्थान आणि कानात घालण्याची बोंडे यांची शिफारस केली. एमडीएमए आदी मादक द्रव्यांचा वापर हा या मेळाव्यांवरील नेहमीचा आक्षेप आहे. अशा द्रव्यांच्या सेवनानंतर गर्दीत व उकाड्यात दीर्घकाळ नाचल्याने शरीराचे तापमान घातक पातळीवर जाऊन मृत्यू ओढवल्याच्या घटना घडल्या आहेत. मोफत पिण्याचे पाणी, हवेशीर जागा, वैद्यकीय पथक आणि बाहेर पडण्याचे पुरेसे मार्ग या सोयी केवळ बंदीपेक्षा अधिक जीव वाचवितात, असे आरोग्य क्षेत्रातील अनेकांचे मत आहे.

एकच ठेका पुनःपुन्हा ऐकविणारे म्हणून या संगीतास एकसुरी म्हटले जाते. परंतु ठेका स्थिर असल्यामुळेच त्यावरील सूक्ष्म बदल जाणवतात आणि अनोळखी माणसांची पावले एकत्र पडतात. ज्यांना इतरत्र जागा नव्हती, त्यांनी गोदामात व टाकाऊ यंत्रांवर ते घडविले. पुढे त्याच संगीताला राजमान्यता, बाजारपेठ व वारशाचा दर्जा लाभला. त्या रात्री ज्यांच्यासाठी सुरू झाल्या होत्या, त्यांना आजच्या मैदानात किती जागा उरली आहे, यावर या संगीताच्या प्रगतीचे खरे मोजमाप अवलंबून राहील.