‘शेअर’ करणं म्हणजे नेमकं काय?

आता ‘शेअर’ या इंग्रजी क्रियापदाकडे वळू. त्याच्या मुळाशी ‘कापणे’ हा अर्थ आहे. लोकर कातरण्याचं ‘शिअर’ त्याच कुळातलं. म्हणजे भाकरी शेअर केली, की देणाऱ्याची तेवढी कमी होणार. खोली शेअर करताना खोली तुटत नाही, पण आपली जागा आक्रसतेच. १९३०च्या दशकात ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीत आपली पापं इतरांपुढे बोलून दाखवण्याला ‘शेअरिंग’ म्हणत. इथं अर्थ ‘सांगणं’ झाला बघा. आज फोटो शेअर केला तरी आपल्याकडचं काहीच कमी होत नाही. आपल्या मराठीत मात्र ‘सांगणं’ वेगळं, ‘वाटून घेणं’ वेगळं. म्हणून कुणी दुःख शेअर केलं, तर आपण स्वतःला विचारावं: आपण ते नुसतं ऐकलं, की त्यातला वाटा उचलला?