दोन पिशव्या: एक बाळांची, एक शिकारीची

आज दोन पिशव्यांबद्दल बोलूया. एक टास्मानियन डेव्हिलची, दुसरी युट्रिक्युलेरिया नावाच्या पाणवनस्पतीची.

डेव्हिल म्हणजे कांगारूचा मांसाहारी नातलग. ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर राहतो. मादी एका वेळी वीसेक पिल्लं देते, तांदळाच्या दाण्याएवढी. पण पिशवीत स्तन फक्त 4! म्हणजे जगणार जास्तीत जास्त चार. बाकीच्यांचं काय, ते तुम्हाला कळलंच.

युट्रिक्युलेरियाला मुळंच नसतात. आपल्या कोकणातल्या तळ्यांत ती नुसती तरंगते, वर पिवळं फूल. पाण्याखाली मोहरीएवढ्या शेकडो पिशव्या. झाड पिशवीतलं पाणी बाहेर टाकतं, आत दाब कमी होतो. दारावरच्या केसाला पाणपिसू लागली की दार आत उघडतं आणि शिकार पाण्यासकट आत! घाटकोपरला सकाळी लोकलच्या दारासमोर उभं राहिलात तर फील येईल. फक्त इथे सगळा खेळ एक हजारांश सेकंदात संपतो. मग दार बंद, पचन सुरू. हा खटाटोप का? तर तिच्या पाण्यात नायट्रोजन, फॉस्फरस फार कमी असतं.

आता मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट. या वनस्पतीचा तुकडा तुटून वाहत गेला तरी त्यातून नवं झाड होतं. ती कॉमन असण्याचं हे एक कारण. आणि डेव्हिलला संपवतंय तेही असंच काहीतरी आहे. 1996 मध्ये काही डेव्हिलच्या तोंडावर गाठी दिसल्या. तो कॅन्सर होता, आणि तो पसरत होता! भांडताना हे एकमेकांच्या तोंडाला चावतात, तेव्हा कॅन्सरच्या जिवंत पेशीच दुसऱ्याच्या तोंडात जातात. पेशी ओळख लपवतात, म्हणून शरीर त्यांना मारत नाही. या कॅन्सरची सुरुवात एकाच मादीत झाली. ती कधीच मेली, तिच्या पेशी अजून जगतायत. निम्म्याहून जास्त डेव्हिल गेले, आणि 2008 मध्ये ते धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आले. 2012 मध्ये निरोगी डेव्हिल मारिया बेटावर नेऊन सोडले, आजारापासून लांब.

कॉमन म्हणजे सेफ, असं मात्र समजू नका. तळ्यात सांडपाणी आलं की शेवाळ, जलपर्णी माजते आणि युट्रिक्युलेरिया मागे पडते.

हिची जांभळी बहीण तुम्ही रीलमध्ये पाहिली असेल, कासची सीतेची आसवं. तिच्या पिशव्या ओल्या मातीत असतात. तेव्हा पावसात पठारावर गेलात तर फोटो वाटेवरूनच काढा. फुलांत पाय टाकलात तर पिशव्याही चिरडतील.