टॅबलेटवरचे चित्र टीव्हीच्या पडद्यावर : कमी खर्चात कसे?

कापडाच्या धंद्यात पन्हा मोजल्याशिवाय कोणी ताका उचलत नाही. घरच्या टीव्हीसाठी वायर घेताना मात्र आम्ही हा नियम विसरलो आणि सातशे रुपये घालवून बसलो. आपल्या व्यापारी आणि कारागीर बंधूंचे असे नुकसान होऊ नये म्हणून आमचा तजुर्बा इथे मांडत आहोत.

२०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या शाळेसाठी आम्ही टॅबलेट घेतला होता. शाळा पुन्हा भरल्या आणि टॅबलेट घरात पडून राहिला. पुढे अम्मींच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले. त्यांना लहान पडद्यावर मालिका पाहवेना. घरचा टीव्ही साधा एलईडी, इंटरनेट नसलेला, पण चित्र चांगले. मुलगा म्हणाला, "अब्बा, नवा स्मार्ट टीव्ही घेऊ." आम्ही म्हटले, चांगला माल टाकून नवा का घ्यायचा? बाजारात गेलो, दुकानदाराने दिली ती वायर घेऊन आलो. टीव्हीवर काहीच दिसले नाही, आणि उघडलेले पाकीट परत घ्यायला दुकानदार तयार नव्हता.

वायरचा मार्ग

टीव्हीच्या मागे एचडीएमआय नावाची चपटी खाच असते. टॅबलेटच्या चार्जिंगच्या टाइप-सी खाचेतून तिथपर्यंत चित्र नेता येते, पण प्रत्येक टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर पडत नाही. ज्या टॅबलेटमध्ये 'डिस्प्लेपोर्ट'ची सोय आहे, त्यालाच साधा टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर चालतो. बहुतेक स्वस्त टॅबलेटची खाच यूएसबी २.० ची असते. ती चार्जिंग करते, फाइली नेते, चित्र देत नाही. बाहेरून दोन्ही खाचा अगदी सारख्या दिसतात, आणि आम्ही फसलो ते इथेच. म्हणून टॅबलेट बरोबर न्यावा, दुकानातल्या टीव्हीला जोडून पाहावा, मगच पैसे द्यावेत. जुन्या आयपॅडच्या लाइटनिंग खाचेला वेगळा अडॅप्टर लागतो आणि तो महाग पडतो.

बिनवायरीचे दोन मार्ग

पहिला मार्ग आरशाचा. टॅबलेटवर जे दिसते तेच वाय-फायने टीव्हीवर उमटते. याला मिराकास्ट म्हणतात. ही पद्धत २०१२ मध्ये आली. टीव्हीला लावायचा साधा डोंगल बाजारात हजाराच्या आसपास मिळतो. यात टॅबलेट सतत चालू ठेवावा लागतो, बॅटरी लवकर उतरते आणि चित्र कधी अडखळते. शिवाय पैसे भरून पाहायची अनेक ॲप्स चोरीच्या भीतीने आरशात चित्र देत नाहीत. आवाज येतो, पडदा काळा राहतो. तो डोंगलचा बिघाड नव्हे.

दुसरा मार्ग स्टिकचा. फायर टीव्हीसारखी स्टिक स्वतःच इंटरनेटवरून चित्र ओढते आणि टॅबलेट मोकळा राहतो. खर्च काही हजारांचा, पण सणासुदीच्या सेलमध्ये भाव उतरतो. गुगलचे क्रोमकास्ट २०१३ मध्ये आले आणि २०२४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. कोणी जुना साठा स्वस्तात देत असेल तर विचार करूनच घ्यावा. अम्मींसाठी आम्ही शेवटी स्टिकच घेतली. वायर आधी घेतली नसती तर सातशे रुपये वाचले असते.

रफूगराची गोष्ट

आमच्या दुकानासमोर एक रफूगर बसतात. त्यांचा मुलगा आयटीआयचे धडे आठ इंची टॅबलेटवर पाहतो. रोज डोके दुखते अशी त्याची तक्रार. घरी जुना पेटीवाला टीव्ही आहे. रफूगर हप्त्याने नवा टीव्ही घ्यायला निघाले होते; हप्ता म्हणजे त्यांची जवळजवळ अर्ध्या महिन्याची कमाई. आम्ही त्यांना थांबवले.

पेटीवाल्या टीव्हीला पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या खाचा असतात. त्यासाठी एचडीएमआय ते एव्ही अशी छोटी डबी मिळते. उलट दिशेची डबीही तशीच दिसते, तिचा इथे उपयोग नाही. नाव वाचूनच घ्यावी. दुकानात लावून पाहिले. सिनेमा ठीक दिसला, पण फळ्यावरची बारीक अक्षरे आणि सर्किटचे आकडे पुसट झाले. पेटीवाल्या टीव्हीचा पडदाच तेवढा बारकावा दाखवू शकत नाही. मुलाचे काम तर अक्षरांचेच. म्हणून डबी घेतली नाही. दुरुस्तीवाल्याकडून एचडीएमआय असलेला जुना लहान एलईडी साडेतीन हजारांत घेतला आणि वर साधा डोंगल. मुलाचे धडे फुकटचे असल्याने आरशात काळे पडत नाहीत. साडेचार हजारांत काम झाले, हप्ता टळला.

घेण्यापूर्वी पाहा

डेटाचा हिशेब आधी करावा. स्वच्छ एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत लागतात. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर अर्ध्या तासात खेळ खलास. चित्राचा दर्जा कमी ठेवावा किंवा घरी ब्रॉडबँड असावे.

योजनेच्या अटी वाचाव्यात. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये भारतात आणलेली स्वस्त मोबाइल योजना फक्त फोन आणि टॅबलेटसाठी आहे. ती टीव्हीवर चालत नाही, कितीही चांगली वायर घेतली तरी.

दुकानदार बंधूंना एक विनंती. अशी घरगुती वर्गणी घराच्या वापरासाठी असते. गिऱ्हाइकांच्या करमणुकीसाठी दुकानात सिनेमे लावणे नियमात बसत नाही. आपल्या मालाचे फोटो आणि डिझाइन मात्र याच सामानाने मोठ्या पडद्यावर खुशाल दाखवावेत. एकेक ताका उलगडण्याचे कष्ट वाचतात.

पक्के बिल घ्यावे, बदलून देण्याची मुदत त्यावर लिहून घ्यावी. आम्ही स्वतः गिऱ्हाइकाला बिल देतो, मग दुसऱ्याकडून मागताना लाजायचे कशाला?