अप्पांच्या चेतकचा स्टँड

ओव्हन आमच्या स्वयंपाकघरातून गेला तो दिवस सौ.च्या चांगलाच लक्षात आहे. तसा तो गेला कुठंच नाही. मी तो उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवला, एवढंच. पण त्याच्या कपाळावर लाल रंगानं ‘यात खाण्याचं काही ठेवू नये’ असं लिहायला घेतलं, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, ‘नानखटाईचा तेरावाच घातलात म्हणायचा!’

कारण होतं अप्पांची चेतक. ज्यांनी ती वर्षं पाहिली आहेत त्यांना सांगायला नको, नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि मग स्कूटर दारात आली की आधी ओवाळायची. आमच्याकडे ती 1986 साली आली. 2009 च्या डिसेंबरात बजाजनं स्कूटरचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी अप्पा जेवताना एक शब्द बोलले नव्हते. पुढं 2019 मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या गाडीला मिळालं, त्याचंही त्यांना विशेष कौतुक नाही.

अप्पांनी उभी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये केली. आता वय ब्याऐंशी. डोळ्यांनी दगा दिलाय, गाडी चालवणं बंद. पण रोज सकाळी ती पुसायची, स्टँडवरून काढायची आणि पुन्हा लावायची हा नेम चुकत नाही. गेल्या पावसाळ्यात त्या स्टँडला इतका गंज चढला, की लावताना हाताला खपल्या येऊ लागल्या. जवळच्या एका वर्कशॉपमध्ये दिला, तर त्यांनी गंजावरच पावडर मारून परत केला. दोन महिन्यांत कांद्याच्या पापुद्र्यासारखा रंग सुटला. ‘गाडी भंगारात द्या आता,’ असं कुणीतरी म्हणालं. अप्पा काहीच बोलले नाहीत. मग मी म्हटलं, आपणच करू.

पावडर कोटिंग म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगतो. ओला रंग पातळ करायला थिनर लागतं. इथं थिनर नाहीच. कोरडी भुकटी बंदुकीतून उडते, उडताना तिला विजेचा भार मिळतो आणि अर्थिंग केलेल्या लोखंडाला ती आपण होऊन चिकटते. मग तो भाग भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर दहा ते वीस मिनिटं ठेवायचा. भुकटी आधी पाकासारखी वितळून पसरते आणि मग कायमची घट्ट होते; पुन्हा तापवली तरी वितळत नाही. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत एर्विन गेमर यांनी तापलेला भाग तरंगत्या भुकटीत बुडवायची पद्धत काढली. बंदूक आली ती नंतर.

सगळी गंमत रंगाच्या आधी आहे, हे मला अप्पांनी शिकवलं. त्यांच्या कारखान्यात सात टाक्या होत्या. आमच्याकडे तीन बादल्या. पहिलीत धुण्याचा सोडा आणि गरम पाणी, दुसरीत स्वच्छ पाणी, तिसरीत गंज काढायचं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण. मला वाटलं, झालं स्वच्छ. अप्पा म्हणाले, ‘पाणी ओत.’ ओतलं. ‘थेंब थेंब राहतंय का सलग पसरतंय?’ थेंब राहत होते. ‘तेल आहे अजून.’ पुन्हा सोडा. तिसऱ्या वेळी पाण्याची अखंड चादर पसरली. मग त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं आणि मला न दिसलेली गंजाची पुळी बरोबर दाखवली.

पहिला प्रयत्न तरीही फसला. पावडर सुरेख बसली होती, पण ओव्हनमध्ये तापताच स्टँडच्या नळीच्या सांध्यातून जुनं ग्रीस बाहेर आलं आणि रंगावर फोड उठले. अप्पांनी विचारलं, ‘कोरा भाजून घेतला होतास का आधी?’ नव्हता. रवा भाजल्याशिवाय शिरा करू नये हे घरात सर्वांना ठाऊक. लोखंडाचंही तसंच, हे मला पन्नाशीत कळलं. कोरा तापवायचा, दडलेलं तेल बाहेर येऊ द्यायचं, पुसायचं, मग पावडर.

आणखी एक चूक म्हणजे ओव्हनचा काटा खरा मानला. वेळ मोजायची ती भाग स्वतः तापल्यापासून. ओव्हन तापल्यापासून नव्हे. आता आत वेगळा थर्मामीटर ठेवतो. भाग टांगायचा आकडाही दर वेळी घासून उघडा करावा लागतो. त्यावर जुना थर असला की अर्थिंग तुटतं आणि पावडर जमिनीवर! आतल्या कोपऱ्यांत ती मुळातच जायला कुरकुरते, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

घरी करणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो, हा खेळ नाही. हवेत दाट उडालेली भुकटी ठिणगीनं स्फोटासारखी पेटू शकते. म्हणून फवारताना ओव्हन बंद आणि लांब, जवळपास ज्योत नाही, गॅसची भट्टी तर नकोच. मास्क हवाच, काही पावडरींत टीजीआयसी नावाचा घातक घटक असतो. साध्या व्हॅक्यूम क्लीनरनं ती ओढू नये. जस्ताचा मुलामा असलेला भाग तसाच तापवू नये. आणि ज्या ओव्हनमध्ये हे केलं, त्यात पुन्हा भाकरीसुद्धा शेकू नये.

चाकाच्या रिमा मी करायला निघालो होतो, तेव्हा अप्पांनी अडवलं. नट जिथं बसतो तिथं जाड थर राहिला, तर तो दबतो आणि नट सैल पडतो. ‘ब्रेकचं आणि चाकाचं घरी काही करायचं नाही,’ हा त्यांचा हुकूम. बॉडीचाही नाद सोडला. ती ओव्हनमध्ये मावणार कशी? शिवाय तिच्यात जुनी लांबी भरलीय, ती एवढी उष्णता सोसत नाही.

स्टँडला गाडीचाच विटका निळा हवा, असा अप्पांचा हट्ट होता. ओले रंग कालवून हवी ती छटा काढणारा हा माणूस! पण दोन पावडरी मिसळल्या तर नवा रंग होत नाही, ठिपके उठतात. हे त्यांना माझ्याआधी ठाऊक होतं. तरी आठ दिवस विचारत राहिले. शेवटी काळ्यावर तडजोड झाली.

परवा सकाळी स्टँड बसवला. अप्पा चष्मा न लावताच आले, खाली वाकून हात फिरवला, सांध्याजवळ थोडे थांबले. मग हँडल धरलं, पाय दिला आणि गाडी ‘खट्’ करून वर चढली.

‘बूट कुठायत?’ त्यांनी विचारलं.

स्टँडच्या पायांचे रबरी बूट आणायला मी विसरलो होतो. नव्या काळ्या रंगावर फरशीचे दोन पांढरे ओरखडे उठले होते.

‘जा, घेऊन ये,’ अप्पा म्हणाले, ‘तोवर मी धरतो.’