सायकलीपुरती कमाई

कोल्हापुरात तेरा-चौदा वर्षांच्या पोरानं ‘गाडी पाहिजे’ म्हटलं की आई डोळे वटारते आणि वडील हळूच सायकलीचा विषय काढतात. कायदा वडिलांच्या बाजूचा आहे. गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि तसली गाडी आता रस्त्यावर शोधावी लागते. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

म्हणजे सायकलच. साधी सायकल पाच-सहा हजारांपासून मिळते, गिअरची बघायला गेलं तर आकडा सहज दहा हजारांपुढे जातो. ‘निम्मे तू जमव, निम्मे मी घालतो’ असा तह बऱ्याच घरांत होतो. मग प्रश्न उरतो, निम्मे आणायचे कुठून?

जुन्या पिढीचं उत्तर ठरलेलं असे : पेपर टाक. पहाटे गठ्ठे उतरायचे, पुरवण्या घालायच्या, घड्या मारायच्या आणि उजाडायच्या आत आपली लाईन संपवायची. या कामाला मोठा मान आहे. रामेश्वरमच्या ए. पी. जे. अब्दुल कलामांची पहिली मजुरी अशीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरमचा रेल्वेथांबा बंद झाला, तेव्हा धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करायला त्यांच्या नात्यातल्या भावाला, शमसुद्दीनला, मदतनीस हवा होता. त्याआधी चिंचोके गोळा करून दुकानात विकण्याचा उद्योगही छोट्या कलामांनी केला होता. त्यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात वृत्तपत्र विक्रेता दिन म्हणून पाळतात.

गंमत अशी की आज तेच काम शाळकरी मुलाला नोकरी म्हणून देता येत नाही. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आली. १४ ते १८ या वयात धोक्याची कामं वर्ज्य : खाणी, स्फोटकं, ज्वालाग्राही पदार्थ, घातक प्रक्रिया. जी कामं चालतात तिथंही सलग तीन तासांनंतर विश्रांती, आठवड्याची सुट्टी, आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम नाही. पहाटेची लाईन नेमकी त्याच वेळेत येते.

चौदाच्या आतल्या मुलांसाठी एक वाट मोकळी आहे. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत करता येते. ते काम धोक्याचं नको, अभ्यासाच्या आड यायला नको, आणि मोठ्या माणसाच्या जागी पोराला जुंपलेलं नको.

या चौकटीत कोल्हापूरच्या पोराला सर्वांत जास्त साथ देतं ते कॅलेंडर. इथले सण बाजार घेऊन येतात. गणपतीच्या आधी शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्पच्या कुंभारवस्त्यांत मूर्तींचं काम सुरू असतं आणि त्या घरांतली मुलं रंगकामाला हात लावतात. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला गर्दी लोटते. आणि दिवाळीत महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते. फटाक्यांचा स्टॉल मात्र या यादीत नाही, कारण तो सरळ स्फोटकांत मोडतो.

पणत्यांचंच उदाहरण घेऊ. बिनरंगाची भाजलेली पणती घाऊक घेतली तर स्वस्त पडते. ती आधी काही तास पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे तेल कमी पिते. मग सावलीत वाळवून रंगाचा हात, तो सुकला की काठावर सोनेरी ठिपके. समजा पणती दोन रुपयांना पडली. डझनाचे २४, रंग आणि खोक्याचे २६, म्हणजे खोका ५० रुपयांना तयार. तो ९० ला गेला तर सुटतात ४०. असे ६० खोके खपले तर २,४०० रुपये.

आकडा झकास वाटतो, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही : वेळ. साठ खोके म्हणजे ७२० पणत्या. एका पणतीला तीन मिनिटं धरली तर ३६ तास होतात. रोज दोन तास बसलं तर अठरा दिवस. दसऱ्याला सुरुवात केली तर काम कसंबसं वसुबारस-धनत्रयोदशीपर्यंत उरकतं, आणि दर तासाची कमाई ६६ रुपयांच्या आसपास निघते. म्हणून शहाणं पोर ७२० पणत्या आधी रंगवून ठेवत नाही. एक खोका नमुन्याला तयार करतं, आईच्या भिशीत, अपार्टमेंटच्या जिन्यात, आजीच्या भजनी मंडळात दाखवतं आणि ऑर्डर वहीत लिहून घेतं. रस्त्यावर स्टॉल टाकायचा तर परवानगी, जागा आणि मोठं माणूस सोबत, हे सगळं लागतं. ओळखीच्या घरांत मालही जातो आणि पैसेही वेळेवर येतात.

करवीर-पन्हाळ्याच्या वाड्यावस्त्यांवर हिशेब वेगळा. तिथं घरात म्हैस असते, डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं. पण ते घराचं बिल, त्याला पोरानं हात लावायचा नाही. त्याच्या नावाची असते ती कोंबडी. गावठी कोंबडी खुडूक बसली की २१ दिवसांत पिलं निघतात. त्यातली मुंगसाच्या तावडीतून वाचतील ती आपली. गावठी अंड्याला शहरातलं गिऱ्हाईक जादा पैसे मोजतं.

कष्ट आणि शिक्षण एका दावणीला बांधायचा प्रयोग याच मातीतल्या माणसानं केला. कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म १८८७ साली हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा, शिक्षण कोल्हापुरात. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांनी शेतात राबायचं आणि शिकायचं, ही त्यांची रीत ‘कमवा आणि शिका’ नावानं रुजली आणि पुढे शिवाजी विद्यापीठातही आली. याची दुसरी बाजू कागलच्या आनंद यादवांनी ‘झोंबी’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीत दाखवली : रानातले कष्ट आणि वडिलांचा विरोध यांच्याशी झगडत शाळा गाठणारा पोरगा. पणत्यांपायी चाचणीचे मार्क घसरले, तर ती सायकल महागात पडली असं समजावं.

आलेले पैसे डब्यात राहिले की वडापावात जातात. रिझर्व्ह बँकेच्या धोरणानुसार दहा वर्षांवरील मूल बँकेनं ठरवलेल्या मर्यादेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू शकतं. प्राप्तिकराचा नियमही मजेशीर आहे. अल्पवयीन मुलाचं व्याजासारखं उत्पन्न आई किंवा वडिलांच्या उत्पन्नात धरतात, पण त्यानं स्वतःच्या अंगमेहनतीनं किंवा कौशल्यानं मिळवलेलं उत्पन्न त्यातून वगळलेलं आहे. सायकल हप्त्यावर मात्र त्याच्या नावानं घेता येत नाही. अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ सालीच ठरवून टाकलं.

खरेदीला जाताना दोन गोष्टी बघायच्या. दांडा दोन्ही पायांत घेऊन उभं राहिलं की दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या पाहिजेत, ‘वाढत्या अंगाची’ सायकल शर्टासारखी घेता येत नाही. आणि जुनी घ्यायची तर मूळ बिल मागायचं, फ्रेमवरचा नंबर त्याच्याशी ताडून बघायचा.

गिअरच्या बऱ्याच सायकली मडगार्ड, स्टँड आणि घंटीशिवाय येतात. कोल्हापूरच्या पावसात बिनमडगार्डची सायकल चालवली की शाळेच्या शर्टाच्या पाठीवर चिखलाची रेघ उठते. कुलूप धरून हे सामान हजाराच्या घरात जातं आणि दिवाळीचा गल्ला तोवर संपलेला असतो. मग वही पुन्हा निघते. भिशीतल्या बायकांना संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण लागणारच असतं.